दोष कोणाचा, भार कोणाचा?

अर्धांगवायूने कोणी पडला की मंडळीत कुजबूज होते : तंबाखू सोडली नाही, रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद केल्या, भोगतो आहे. असेलही. वाढलेला रक्तदाब हेच या दुखण्याचे सर्वांत मोठे कारण. पण तो दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दरमहा पैसे मोजणे गरिबाला जड जाते. मग त्याचा दोष कितीसा? गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनने पाहूनच द्यावे लागते. खेड्यातून तेवढ्यात पोहोचणे कित्येकांना साधत नाही. कफर्णहूमच्या पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले. आपल्याकडे बहुधा एकटी सून उचलते. तिची बुडालेली शिवणकामाची मिळकत दवाखान्याच्या कोणत्याच बिलात दिसत नाही.