नम्रतेची कसोटी

डोंगरावरील प्रवचनात येशूने सौम्य जनांस पृथ्वीचे वारस म्हटले, आणि अखेरच्या भोजनसमयी त्याने स्वतः शिष्यांचे पाय धुतले. नम्रता हा ख्रिस्ती जीवनाचा पायाच होय, असे यावरून कोणीही म्हणेल. परंतु व्यवहारात या गुणाचा उपदेश बहुधा वरून खाली होत असतो. धनी चाकरास नम्र होण्यास सांगतो, पुरुष स्त्रीस सांगतो, राज्यकर्ता प्रजेस सांगतो. अशा वेळी मनात शंका येते की, नम्रता हा खरोखर सद्गुण आहे, की दुर्बलांच्या असहायतेला दिलेले ते एक गोंडस नाव आहे?

या शंकेचे उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. दुष्काळात आईबाप गमावलेल्या या विदुषीस १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅम येथे असताना पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकविण्याचा त्यांचा विचार होता. त्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, ती रमाबाईंना मुळीच मानवली नाही. आपल्या सदसद्विवेकाची सूत्रे कोणा धर्माधिकाऱ्याच्या हाती देण्यास त्या तयार नव्हत्या. ज्या भगिनीने त्यांना ख्रिस्ती धर्माचे पाठ दिले, तिलाही हा अहंकार वाटला. पुढे १८९७ साली, पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयांच्या व्यवस्थेविरुद्ध त्यांनी जाहीर तक्रार केली. ती सरकारने फेटाळली.

मग रमाबाई नम्र नव्हत्या काय? हा निर्णय देण्यापूर्वी केडगावकडे दृष्टी टाकावी. तेथील मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त मुली, टाकलेल्या स्त्रिया, अंध व अनाथ यांच्या सेवेत या पंडितेने आयुष्य वेचले. उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. जिच्या जिभेवर संस्कृत नाचत होते, तिने हे भाषांतर संस्कृतप्रचुर होऊ दिले नाही. अल्पशिक्षित बाईलाही ते समजावे, हाच तिचा आग्रह होता. १९२२ साली मृत्यूच्या थोडेच आधी हे काम पुरे झाले.

माझ्या मते नम्रतेचे मर्म येथेच आहे. लाचार मनुष्य बलवानापुढे वाकतो व दुर्बलावर गुरगुरतो. रमाबाईंनी याच्या नेमके उलट केले. बिशप व सरकार यांच्यापुढे त्यांची मान ताठ राहिली, परंतु अडाणी स्त्रीला कळावे म्हणून त्यांनी आपली विद्वत्ता वाकविली. ज्याने शिष्यांचे पाय धुतले, त्यानेच मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकले होते, हे विसरून चालणार नाही.

तथापि यात एक धोका आहे. आपल्या प्रत्येक हट्टास सत्याग्रह म्हणण्याचा मोह कोणास होत नाही? म्हणून ज्याने त्याने स्वतःस विचारावे: मी ताठ उभा राहतो तो कोणासाठी, आणि वाकतो तो कोणापुढे? घरातील मोलकरणीशी बोलताना आपला आवाज कसा असतो आणि वरिष्ठांशी बोलताना कसा, एवढे जरी प्रामाणिकपणे तपासले, तरी आपली नम्रता कोणत्या जातीची आहे, हे कळावयास उशीर लागणार नाही.