वाणाचं पाकीट

संक्रांत ते रथसप्तमी आमच्या इमारतीचा जिना रिकामा नसतो. या मजल्यावरून त्या मजल्यावर हळदीकुंकवाच्या बोलावण्यांची ये-जा सुरू असते. वाण म्हणून इतकी वर्षं गाळण्या, चाळण्या आणि प्लास्टिकचे डबे यायचे. इतके, की डबे ठेवायला मोठा डबा लागेल असं मी एकदा म्हणाले होते. मग एका वर्षी इमारतीतल्या आमच्या मंडळाच्या बैठकीत कुणी तरी सुचवलं, यंदा सॅनिटरी पॅड लुटू या. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजीच म्हणाल्या, "लुटा की. निदान वापरलं तरी जाईल."

त्या संध्याकाळचं मला फार अप्रूप वाटलं होतं. जी वस्तू औषधांच्या दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून घरी यायची, ती तिळगुळाच्या ताटाशेजारी उघडी मांडलेली होती. इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या बायकांनाही आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. (विधवांना बोलवायचं ठरायला मात्र आम्हाला त्याआधी कित्येक वर्षं लागली होती, हेही सांगून टाकते.) माझ्याकडे येणाऱ्या मावशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, मी बाहेरची होते ना. कुंकवाला कशी येऊ?"

आणखी दोघींनी 'जमणार नाही' असा निरोप धाडला होता. त्याचं कारण आम्ही विचारलं नाही. ते विचारायचं नसतंच. म्हणजे पॅड वाणात आलं होतं, पण त्या दिवशी जिला ते लागणार होतं ती अजून बाहेरच होती.

मावशींचं पाकीट मी त्यांना स्वयंपाकघरातच दिलं. आत आठ पॅड होते. पाळीचे चार-पाच दिवस आणि दिवसाला तीन-चार पॅड धरले, तर महिन्याला पंधराच्या आसपास लागतात. आमचं वाण त्यांना दोन-अडीच दिवस पुरलं असेल, आणि घरात वयात आलेली मुलगी आहे म्हटल्यावर तेवढंही नाही. पाळी तर महिन्याच्या महिन्याला येते, आणि आमचं हळदीकुंकू वर्षातून एकदा. ८ मार्चला वस्तीत पाकिटं वाटणाऱ्यांचंही तेच होतं. फोटोत पाकीट धरलेला हात दिसतो, एप्रिलमध्ये त्या घरात काय वापरलं ते दिसत नाही.

स्वस्त पॅड मिळतच नाहीत असं नाही. २०१८च्या महिला दिनी राज्यात 'अस्मिता' योजना आली, तिच्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत द्यायचं ठरलं. त्याच वर्षीच्या जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. २०१९पासून जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळतात. हे मी मावशींना सांगितलं. त्यांनी ते केंद्र कुठं आहे ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्या हसल्या. जाऊन-येऊन रिक्षाला जेवढे पैसे पडले असते, त्यात त्यांचे तीन महिन्यांचे पॅड झाले असते.

आणि कापड म्हणजे वाईटच, असंही मला आता वाटत नाही. सुती कापड साबणानं धुवून कडक उन्हात वाळवलं तर त्यात काही बिघडत नाही. 'गूंज' ही संस्था तर शहरांतलं जुनं सुती कापड गोळा करून त्याचेच पॅड शिवते. अडतं ते उन्हाशी. माझी आई कापडाची घडी साडीखाली दडवून वाळत घालायची, आणि साडीखाली ऊन कुठून पोचणार? मावशींच्या वस्तीत तर दोरीच रस्त्यावर. ओलसर घडी तशीच पुन्हा वापरायची, मग खाज, जळजळ, आणि त्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही.

आम्ही तिळगूळ वाटत असतो तेव्हा बीडच्या हजारो बायका उसाच्या फडात असतात, कारण ऊसतोडीचा हंगाम नेमका याच दिवसांत भरात असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे कापले जातात. राहायला कोपी, पाणी लांबून आणायचं, संडास नाही. पाळीत पोटात कळ आली तरी मोळी डोक्यावर घ्यायचीच. हा जाच चुकवायला बायका गर्भपिशवीच काढून टाकतात अशा बातम्या आल्यावर २०१९मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यात तपासलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तिशीतल्या. त्या फडात पॅडचं पाकीट पोचवलं तरी ते बदलायचं कुठं, हात धुवायचे कशानं? तिथं पाकिटाच्या आधी आडोसा लागतो, पाणी लागतं, आणि खाडा न कापता मिळणारी एका दिवसाची विश्रांती लागते. हे आमच्या मंडळाच्या आवाक्यातलं नाही, हे मला कळतं. पण पाकीट हातात ठेवलं की आपलं काम झालं, हे समाधान त्या तेरा हजारांच्या आकड्यापुढं टिकत नाही.

आमच्या आवाक्यात जे होतं ते पुढच्या वर्षी केलं. वाणाला एका वेळचा मोठा खर्च करण्याऐवजी दरमहा वर्गणी काढली. एकीनं महिन्यातून एकदा जनऔषधी केंद्रात जायचं आणि इमारतीत कामाला येणाऱ्या सगळ्यांसाठी पॅड आणायचे, अशी पाळी लावली. (हा शब्द बैठकीत आला तेव्हा सगळ्या हसल्या.) पुण्याच्या कचरावेचक बायकांनी सांगितलेला लाल ठिपकाही उचलला. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणारीला ते उघडून बघावं लागत नाही.

तुमच्याही इमारतीत किंवा गल्लीत अशी बैठक होईलच. पॅड लुटायचं ठरलं तर बारा महिन्यांचे पैसे आधी जमवा. आणि बोलावणं करताना, दारात उभ्या उभ्याच, एवढं स्पष्ट सांगा : पाळी असली तरी या.