उसनी ओल

लाळेला आपल्या भाषेत प्रतिष्ठा नाही. लोभ्याची लाळ गळते, लाचार माणूस लाळ घोटतो. परंतु दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर एवढा हा द्रव निमूटपणे पाझरतो, म्हणूनच घास गिळता येतो, दात टिकतात आणि शब्द जिभेवरून सुटतो. तिचे मोल कळते ते ती आटल्यावर.

भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तंबाखूची चिमूट गालात धरणारा कामगार विरळा नाही. त्यांतल्या एखाद्याला तोंडाचा कर्करोग होतो आणि १९४१ साली उघडलेल्या परळच्या टाटा रुग्णालयाची वाट त्याला धरावी लागते. किरणोपचाराने जीव वाचतो. पण किरणांच्या वाटेत आलेल्या लालाग्रंथी पुष्कळदा कायमच्या सुकतात. भाकरी घशात अडते, रात्री जीभ टाळूला चिकटते.

अशांसाठी कृत्रिम लाळ मिळते. तिला दाटपणा येतो तो बहुधा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमुळे. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंपासून होणारा हाच पदार्थ ताण्याच्या सुताला खळ देण्यासाठीही वापरतात. जे द्रव्य धाग्याला मागावर तग धरायला लावते, तेच मागवाल्याची जीभ हलती ठेवते.

यावर कोणी म्हणेल, तंबाखू त्यानेच खाल्ली ना? मग भोगू दे! हा न्याय वरवर सरळ दिसतो. परंतु संधिवाताच्या जातीच्या काही विकारांत, आणि कित्येक औषधांनीही, काहीच अपराध न केलेल्यांचे तोंड असेच कोरडे पडते. दोघांची तहान एकच. दोष कोणाचा हे ठरवून मगच ओल द्यायची म्हटले, तर ज्याची जीभच वळत नाही त्याने आपली कैफियत मांडावी कशी? शिवाय ज्या जागरणासाठी त्याने तंबाखू धरली, त्या जागरणाचे कापड आपल्या अंगावर आहे. दोषाचा हिशेब मांडायचाच, तर त्यात आपलेही खाते उघडावे लागेल.

ही उसनी ओल फार वेळ टिकत नाही. खऱ्या लाळेतील पाचक आणि रोगप्रतिबंधक द्रव्ये तिच्यात बहुधा नसतात. ती पुन्हापुन्हा घ्यावी लागते. म्हणून ती खोटी ठरत नाही. माणसाने माणसाला केलेली बहुतेक मदत अशीच असते: अपुरी, आणि रोज नव्याने करावी लागणारी. पंगतीत तो घोटाघोटाने ताक घेत, सावकाश जेवत असेल, तर त्याचे जेवण होईपर्यंत आपण पानावरून उठू नये. एवढे तर कोणत्याही औषधावाचून करता येते.