कवटीमागचा जीव



प्राणिशास्त्र शिकवताना पुष्कळ ठिकाणी गोरिलाच्या कवटीची प्रतिकृती दाखवतात. खऱ्या कवटीवरून साचा काढायचा, त्यात राळ ओतायची आणि वरून हाडाचा रंग द्यायचा. नराच्या कवटीवर मधोमध हाडाचा उंच कंगोरा असतो आणि जबड्यात लांब सुळे. पाहणारा म्हणतो, ‘केवढा हा हिंस्र पशू!’

पण तो कंगोरा कशासाठी? जबड्याचे दणकट स्नायू त्याला चिकटलेले असतात आणि ते लागतात पाला, देठ, साली चघळायला. गोरिला शिकार करून जगत नाही. सुळे दुसऱ्या नराला धाक दाखवण्यासाठी आणि कळपाच्या रक्षणासाठी. कवटी खोटे बोललेली नसते. आपणच घाईने निकाल दिलेला असतो.

ही घाई जुनी आहे. १८४७ साली पश्चिम आफ्रिकेत गॅबन नदीकाठी थॉमस सॅव्हेज या अमेरिकन मिशनरी डॉक्टरला दुसऱ्या एका मिशनऱ्याच्या घरी एक अनोळखी कवटी दिसली. अशा कवट्या आणि हाडे यांवरूनच शास्त्राला गोरिलाची ओळख झाली. पुढे शिकाऱ्यांच्या गोष्टींनी त्याचा राक्षस केला. १९५९ नंतर जॉर्ज शालर आणि १९६७ पासून डायन फॉसी यांनी विरुंगाच्या डोंगरांत महिनोन् महिने त्याच्याजवळ बसून पाहिले, तेव्हा पिल्लांना अंगाखांद्यावर खेळू देणारा जीव दिसला.

फॉसीबाईंनी एका नराचे नाव ‘डिजिट’ ठेवले होते. ३१ डिसेंबर १९७७ रोजी रवांडात चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला भाल्यांनी मारले. त्याने शिकाऱ्यांना अडवून धरले आणि कळप निसटला. मारेकऱ्यांनी त्याचे डोके व हात कापून नेले. अशा वस्तूंना तेव्हा शोभेसाठी गिऱ्हाईक होते.

आता प्रश्न असा की, डिजिटला मारणे चूक का? कोणी म्हणेल, तो आपल्यासारखा दिसतो म्हणून. मग जो प्राणी आपल्यासारखा दिसत नाही, त्याचे काय? संत थॉमस अक्वायनस सांगतात की, मुक्या प्राण्याशी क्रूरपणे वागणारा माणसाशीही तसाच वागू लागतो. हे खरे आहे, पण एवढ्यावर थांबलो तर डिजिटचे मरण फक्त आपल्या स्वभावाला लागलेला डाग ठरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक जीवाला परमेश्वराच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, आपल्या उपयोगापुरते नव्हे. डिजिटला आपण हुतात्मा म्हणणार नाही, कारण आपल्यासारखे बरे-वाईट निवडणे त्याच्या हाती नव्हते. भाला उचलणाऱ्याच्या आणि कवटीचे पैसे मोजणाऱ्याच्या हाती मात्र ते होते. म्हणून जबाबदारी माणसाची.

येथे एक सावधगिरी हवी. जंगलाकाठचा गरीब माणूस हरणासाठी फास लावतो आणि त्यात गोरिला अडकतो. भरल्या पोटी त्याला दोष देणे सोपे आहे. रवांडाने २००५ पासून राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नातील वाटा आसपासच्या गावांना द्यायला सुरुवात केली आणि २०१७ साली तो दहा टक्के केला. पहारा, पशुवैद्यांची देखभाल आणि गावकऱ्यांचा सहभाग यांचे फळ दिसले. १९८० च्या दशकाच्या आरंभी विरुंगात सुमारे २५० गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या गणनेत ते ६०४ भरले. माणसाची भूक आणि प्राण्याचा जीव यांत एकालाच निवडावे लागते असे नाही.

राळेची प्रतिकृती म्हणूनच चांगली. शिकायला कवटी मिळते आणि जीव जात नाही. ती फुटली तर त्याच साच्यातून दुसरी काढता येते. जिवंत प्राण्याचा साचा मात्र आपल्यापाशी नाही.

या आठवड्यात आपल्या दिवाणखान्यातल्या फळीकडे एकदा पाहा. तिथले शिंग, शिंपले, प्रवाळ कोणाच्या जिवावर आले? आणि ज्या शेजाऱ्याचे आपण फक्त सुळेच पाहिले, त्याच्याजवळ थोडा वेळ बसून पाहा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू