हाच तो देवदत्त

एका संगणकप्रणालीतील माहिती दुसरीत हलवावयाची असते तेव्हा आरंभी एक अगदी साधी यादी करावी लागते. तिला सीएसव्ही फाइल म्हणतात. स्वल्पविरामांनी विभागलेल्या ओळींची ती एक वही. प्रत्येक ओळीत दोन रकाने पुरतात. डावीकडे जुन्या प्रणालीतील खातेदाराची ओळख, उजवीकडे नव्या प्रणालीतील ओळख, आणि मध्ये एक स्वल्पविराम. संगणकाच्या लेखी त्या विरामाचा अर्थ ‘येथे एक रकाना संपला’ एवढाच असतो. यादी करणारा मनुष्य मात्र तो विराम घालताना एक विधान करीत असतो: डावीकडचा तोच उजवीकडचा. असे विधान करण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते चुकले तर त्याची किंमत कोणी मोजावी, याचे उत्तर यंत्राच्या पुस्तिकेत सापडत नाही.

चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याने चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या श्रीपेरुंबुदूर या गावी या प्रश्नाची दोन रूपे जवळजवळ हजार वर्षांच्या अंतराने एकत्र येतात. हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. परंपरा त्यांचे जन्मवर्ष १०१७ मानते, आणि आदिकेशव पेरुमाळ मंदिरात त्यांची मूर्ती पूजिली जाते. गेल्या काही दशकांत याच परिसरात मोटारी, काच आणि भ्रमणध्वनी संच यांचे कारखाने उभे राहिले, आणि दूरदूरच्या खेड्यांतून हजारो तरुण मुलेमुली तेथे कामाला आली. आचार्यांचा विचार पुढे येईलच. आधी या कामगारांच्या नावांकडे पाहणे इष्ट.

कामगाराच्या वेतनातून भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापली जाते. पूर्वी नोकरी बदलली की निधीचा सदस्य क्रमांकही नवा मिळे. चार ठिकाणी काम केलेला मनुष्य कागदोपत्री चार मनुष्य होऊन बसे. हे टाळण्यासाठी २०१४ साली बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक आला. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी त्याचा औपचारिक प्रारंभ झाला. पुढे सोळाव्या दिवशी, १ नोव्हेंबर रोजी, श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना बंद पडला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तथापि सार्वत्रिक क्रमांकाची गरज कोणाला असते, हे समजून घ्यावयास याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये. कारखाना गेला, हाताला दुसरे काम मिळाले, नवा सदस्य क्रमांक मिळाला. आता जुनी कमाई नव्या नावाशी कोणीतरी जुळवली पाहिजे. हा ‘कोणीतरी’ म्हणजेच ती दोन रकान्यांची यादी करणारा.

येथे पहिली अडचण उभी राहते ती रकान्यांचीच. बहुतेक प्रणालींना व्यक्तीचे नाव आणि आडनाव अशा दोन जागा भरलेल्या हव्या असतात. तमिळ रीतीत आडनाव बहुधा नसतेच. स्वतःचे एक नाव, त्याच्या आधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर; क्वचित गावाचेही. ‘एस. लक्ष्मी’ लग्नानंतर ‘के. लक्ष्मी’ होते, म्हणजे तिच्या ओळखीचे एकच अक्षर बदलते. पण शब्दशः तुलना करणाऱ्या यंत्राला त्या एका अक्षरात दुसरी बाई दिसते. एका कार्यालयात आद्याक्षर आडनावाच्या रकान्यात जाते, दुसऱ्यात त्याचा विस्तार होऊन वडिलांचे पूर्ण नाव येते, तिसऱ्यात तो रकाना रिकामा राहू नये म्हणून लक्ष्मी हेच नाव दोनदा लिहिले जाते. तंजावरच्या मराठी मंडळींनीही ही दाक्षिणात्य रीत उचलली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केलेले, १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मलेले टी. माधवराव यांच्या नावातील ‘टी.’ हे वडिलांचे अक्षर नाही की आडनावाचे नाही. ते तंजावरचे आहे. आजच्या एखाद्या आज्ञावलीने त्यांचे नाव उलटवून ‘राव, टी. माधव’ असे लिहिले तर नावातला तो स्वल्पविराम रकान्याचा विराम समजला जाईल आणि दिवाणसाहेब दोन घरांत वाटले जातील. अशा नावाला अवतरणचिन्हांचे कुंपण घालावे लागते.

मराठी माणसाने यावर फार हसू नये. नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली तिपेडी रचना रकान्यांना सोयीची खरी, पण ती पुरुषाला सोयीची आहे. लग्न झालेल्या स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव ही दोन्ही एकदम बदलतात. काही घराण्यांत पहिले नावही तांदळात लिहून बदलले जाते. मग माहेरची आणि सासरची एकच, हे ठरवायला उरते काय? जन्मतारीख. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख लिहिली, अशी माणसे एका पिढीत गावोगाव होती. त्या पिढीच्या यादीत जन्मतारखेवर भिस्त ठेवणे म्हणजे अर्ध्या गावाला जुळे ठरवणे. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही बंधनकारक झाले आहे. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु जुन्या तीन रकान्यांतून नव्या चार रकान्यांत जाणाऱ्या याद्या कोणीतरी, कुठेतरी, यापुढे करीत राहणार हेही त्यातून ओघाने येते.

लिपीही आपले काम करते. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव संगणकात दोन प्रकारांनी साठवता येते. डोळ्यांना दोन्हीकडे तोच अर्धा र दिसतो. आत मात्र संकेतांची साखळी वेगळी असते. काटेकोर तुलना करणारे यंत्र या दोघांना परके मानते. उलट अंकांच्या बाबतीत यंत्राला परक्यांतही साम्य दिसू शकते. बारा अंकी क्रमांकांची फाइल एक्सेलमध्ये सहज उघडली की ते क्रमांक घातांकाच्या रूपात आखडतात, आणि तशाच जतन केल्या की शेवटचे अंक पुन्हा मिळत नाहीत. मग वेगवेगळ्या क्रमांकांची माणसे एकाच आकड्याची होतात. आरंभीचे शून्यही असेच गळते. याच प्रणालीच्या सवयीमुळे काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे तारखा होऊन बसत, म्हणून २०२० साली त्या जनुकांचीच नावे बदलण्यात आली. यंत्राला वळण लावण्यापेक्षा वस्तूचे नाव बदलणे सोपे वाटावे, ही गोष्ट जनुकांच्या बाबतीत गमतीची आहे. माणसांच्या बाबतीत ती रोज घडते आणि तेव्हा कोणी हसत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हा सारा व्यवहार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. नामदेवांच्या गाथेत पुढील काळातील विष्णुदास नामा याचे अभंग मिसळले आहेत. दोघांची नाममुद्रा ‘नामा’. संकलकाने डावीकडे ‘नामा’ पाहिले, उजवीकडे ‘नामदेव’ लिहिले, आणि एका कवीची मिळकत दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली. याच्या नेमके उलट धाडस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने केले. ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि विठ्ठलभक्तीच्या अभंगांचा कर्ता हे दोन वेगळे ज्ञानदेव होत, असा त्यांचा पक्ष होता. विद्वानांनी तो बहुशः स्वीकारला नाही. पण महत्त्वाचे हे की तो मांडता आला, आणि तपासताही आला. कारण पोथ्या होत्या, भाषा होती, प्रत्येक अभंग आपापल्या अंगावर आपल्या काळाच्या खुणा वागवीत होता. गाथेत केलेली जुळणी उकलता येते. दोन खात्यांच्या रकमा आणि नोंदी एकमेकींत मिसळल्या, जुनी यंत्रे भंगारात गेली, आणि ती दोन रकान्यांची यादीही काम झाले म्हणून पुसून टाकली, तर उकल करायला धागाच हाती राहत नाही. रुपयावर त्याच्या धन्याच्या शैलीची खूण नसते.

आता रामानुजांकडे वळता येईल. ‘सोऽयं देवदत्तः’, हाच तो देवदत्त, हे वेदान्तातील वापरून गुळगुळीत झालेले उदाहरण आहे. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त पुढे दुसऱ्या गावी भेटतो आणि पाहणारा ओळख पटून हे वाक्य उच्चारतो. ‘तो’ या शब्दात मागचा काळ व मागचे स्थळ आहे, ‘हा’ या शब्दात आताचा काळ व येथील स्थळ. ही परस्परविरोधी विशेषणे एकाच माणसाला कशी लागावीत? अद्वैत्यांचे उत्तर असे की दोन्ही शब्दांतील विरोधी अंश सोडून द्यावा; मग जो निखळ देवदत्त उरतो तो एकच. शास्त्रात याला भागत्यागलक्षणा म्हणतात, आणि ‘तत्त्वमसि’ या महावाक्याचा अर्थ ते याच वाटेने लावतात. रामानुजांनी श्रीभाष्यात या वाटेलाच हरकत घेतली. एकच मनुष्य एकाच क्षणी दोन ठिकाणी आहे असे कोणी म्हटले असते तर विरोध होता. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या ठिकाणी असण्यात विरोध कसला? काळ वेगळा असल्यामुळे स्थळांचे भांडण मिटते. तेव्हा काहीही टाकून देण्याची गरज नाही. ‘तो’पण खरे आहे आणि ‘हा’पणही खरे आहे, भिन्न निमित्तांनी योजलेले शब्द आपापले निमित्त न सोडता एकाच वस्तूला सांगतात.

ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. अद्वैताचे ब्रह्म बारा अंकी नाही, आणि शंकराचार्यांच्या माथी निर्वाह निधीचा दोष मारणे हा अप्रस्तुत विनोद होईल. तरीही दोन वृत्तींतील फरक यादी करणाऱ्याच्या मेजावर स्पष्ट दिसतो. पहिली वृत्ती म्हणते, नाव बदलते, गाव बदलते, बापाचे अक्षर जाऊन नवऱ्याचे येते. हे सारे सोडून द्या आणि न बदलणारा क्रमांक तेवढा ठेवा. तिची सोय नाकारता येणार नाही. पण क्रमांकाला चिकटवताना चूक झाली, तर ती दाखवून देणारा पुरावा नेमका टाकून दिलेल्या भागातच असतो. दुसरी वृत्ती यादीत आणखी रकाने मागते: हे नाव केव्हापासून केव्हापर्यंत, कोणत्या कारखान्यात, कोणाच्या सांगण्यावरून जुळवले. एस. लक्ष्मी अमुक सालापर्यंत, के. लक्ष्मी तेथून पुढे. कालभेद नोंदला की विरोध उरत नाही. खुद्द आचार्यांना इळयाळ्वार, यतिराज, उडैयवर, एम्पेरुमानार, भाष्यकार अशी नावे होती. ती निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या नात्यांतून मिळालेली आहेत. त्यांतले एक खरे धरून बाकीची पुसावीत असे श्रीवैष्णवांना कधी वाटले नाही.

यावर व्यवहारी आक्षेप असा येतो की हजारो ओळींच्या यादीत प्रत्येकाला विचारणे शक्य नाही. शिवाय एकाच माणसाने दोन नावांनी दोनदा लाभ घ्यायचा, तर तो पकडायला नको काय? आक्षेप खोटा नाही. म्हणूनच नावांतील साम्य मोजणारी साधने वापरली जातात, आणि साम्य अमुक प्रमाणाच्या वर गेले की दोन ओळी एक मानल्या जातात. ते प्रमाण ठरवणारा मात्र चुकीचा भार वाहत नाही. शिवाय चुकाही सारख्या नसतात. एका माणसाचे दोन झाले तर त्याला ते कळते. त्याचा दावा अडतो, तो खेटे घालतो, संतापतो, आणि शेवटी कागद घेऊन खिडकीशी उभा राहतो. दोन माणसांचा एक झाला तर ज्याचे गेले त्याला पुष्कळदा पत्ताही लागत नाही. त्याचे जुने खाते आता कोठेच नाही, म्हणून ते हरवले आहे असेही कोणत्या पडद्यावर दिसत नाही. दुप्पट लाभाच्या भीतीने प्रशासन पहिल्या प्रकारावर सारी शक्ती खर्च करते. वस्तुतः सावधगिरीची अधिक गरज दुसऱ्या ठिकाणी आहे, कारण तेथे तक्रार करणारा उरलेलाच नसतो.

तिसराही एक प्रकार आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. डावीकडे खाते आहे, उजवीकडे कोणीच जुळत नाही. अशा ओळी बहुधा व्यवस्थापकाच्या नावे टाकल्या जातात, कारण रकाना रिकामा राहिला की आज्ञावली अडते. गाव सोडून गेलेल्या, लग्न होऊन परजिल्ह्यात गेलेल्या, कारखाना बंद झाल्यावर परतलेल्या माणसांचे काम मग अशा कोणाच्या नावे दिसू लागते, ज्याने ते केलेले नसते. पोथ्यांच्या सूचीकाराकडे यासाठी एक जुना शब्द आहे: अज्ञातकर्तृक. त्या शब्दामुळे कर्ता सापडत नाही, परंतु त्याची जागा दुसरा कोणी घेत नाही. आणि पन्नास वर्षांनी दुसरी प्रत हाती आली तर नाव भरायला ओळ मोकळी असते. श्रीपेरुंबुदूरच्या एखाद्या यादीत उजव्या रकान्यात असा एखादा शब्द लिहिला, शेजारी जुना क्रमांक आणि शेवटच्या पगाराची तारीख जशीच्या तशी ठेवली, तर आज्ञावली पुढे चालते आणि के. लक्ष्मी कधी तरी खिडकीशी आली तर तिला विचारण्यासारखे काही शिल्लक राहते.