मागणे एकाजवळच



अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक अजगर आहे. मिळेल ते खावे, न मिळाले तर स्वस्थ राहावे, ही त्याची शिकवण. आपल्या संसारी माणसांना हा गुरू काही पचत नाही. असं बसून राहिलं तर चूल कशी पेटायची? मलाही हा प्रश्न पडे. त्याचे उत्तर मला भलत्याच ठिकाणी सापडले, एका ख्रिस्ती माणसाच्या जमाखर्चात. दत्तजयंतीच्या अंकात हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्यांनी पिंगलेलाही गुरू मानले, त्यांच्या दारात याला मज्जाव नसावा.

जॉर्ज म्युलर. जन्म १८०५, प्रशियात. वडील सरकारी करवसुलीवर. पोरगा दहा वर्षांचा व्हायच्या आतच त्यांच्याकडच्या सरकारी रकमेत हात घालायचा. एकदा तर बुटात पैसे लपवलेले सापडले. सोळाव्या वर्षी हॉटेलचे पैसे बुडवले म्हणून तुरुंगवारी झाली. विसाव्या वर्षी मन पालटले आणि पुढे ते इंग्लंडात धर्मोपदेशक झाले. तिथे पगार येई तो प्रार्थनामंदिरातल्या जागांच्या भाड्यातून, म्हणजे पैसेवाला पुढे, गरीब मागे. १८३० साली त्यांनी तो पगारच सोडला.

१८३६ मध्ये ब्रिस्टॉल शहरात भाड्याच्या घरात त्यांनी अनाथ मुलींसाठी आश्रम उघडला. नियम दोनच. गरज देवाला सांगायची, माणसाला नाही. आणि उधारी करायची नाही. १८३८ मध्ये गंगाजळी आटली. तेव्हा सहकाऱ्यांना बोलावून परिस्थिती सांगितली, सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, आणि बाहेर कुणाला बोलायचे नाही असे ठरले. पाववाल्याचे, दूधवाल्याचे आठवड्याचे खाते बंद करून रोजचे रोज रोख देणे सुरू केले. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. विश्वासाच्या नावावर दुकानदाराला टांगून ठेवणारे पुष्कळ असतात.

त्याहून कडक प्रसंग १८४१ च्या अखेरचा. वार्षिक सभा आणि अहवालाची वेळ आली, नेमका तेव्हाच हातात पैसा नव्हता. अहवाल वाचून लोकांनी आपण होऊन दिले असते. पण तीही आडून केलेली याचनाच झाली असती, म्हणून म्युलरांनी सभा आणि अहवाल काही महिने पुढे ढकलले. आपण ‘मी कुठे मागितलं?’ म्हणतो आणि तोंड मात्र असे करतो की समोरच्याला खिशात हात घालावाच लागतो.

अहवालात पै न् पैचा हिशेब असे. देणगीदाराचे नाव मात्र नसे, पावतीचा क्रमांक असे. (आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरही देणाऱ्याचे नाव असते, असो.)

सुरुवातीलाच एका गरीब, आजारी शिवणकाम करणाऱ्या बाईने १०० पौंड आणून दिले. तिची आठवड्याची कमाई साडेतीन शिलिंगांच्या आसपास; वारशातून मिळालेली ही रक्कम. म्युलरांनी तिला बोलावून नीट विचार केलास ना, हे पाहिले, आणि मग ते पैसे घेतले. देणाऱ्याला मोठेपणा तरी मिळतो; घेणाऱ्याला वाकावेच लागते. ख्रिस्ती मंडळी ज्याला लीनता म्हणतात ती मला इथे दिसते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकरी मागितली आहे ती फक्त आजची.

बँकेच्या काउंटरवर माझी उभी हयात गेली. पासबुक भरून घ्यायला येणारे वृद्ध एकच म्हणत, ‘पोरांपुढे हात पसरायची वेळ येऊ नये.’ मीही तेच म्हणतो. पण या मागण्यात भक्ती किती आणि ताठा किती, हे ज्याने त्याने पाहावे. देवावर भार टाकला म्हणायचे आणि सुनेने आणलेला पाण्याचा पेला घेताना कपाळाला आठी, हे कसे जमायचे?

ब्रिस्टॉलचा आश्रम पुढे पाच मोठ्या इमारतींत गेला, दोन हजारांवर मुलांची सोय झाली. हयातीत सुमारे १५ लाख पौंड त्यांच्या हातून गेले. १० मार्च १८९८ रोजी ९२ व्या वर्षी ते वारले, तेव्हा घरातल्या सामानासकट स्वतःचे म्हणून दोनशे पौंडही निघाले नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थनासभा चालवली होती.

म्युलरांचे चरित्र वाचून आपल्या महाराष्ट्रातल्या एका विदुषीनेही तीच वाट धरली. भागवत मुखोद्गत असलेल्या पंडिता रमाबाई. १८९६–९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. शेवटची वर्षे साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. दौंडच्या वाटेवरचे हे तेच केडगाव, जिथे आपण नारायण महाराजांच्या बेटावर दत्तदर्शनाला उतरतो. मुक्ती मिशन तिथे आजही आहे.