सुरकुत्या आणि सुई



लग्नसराई आली की ‘बोटॉक्स घ्यावे की फिलर?’ हा प्रश्न आता आपल्याही घरांत निघतो. बोटॉक्स स्नायू सैल करते. परिणाम सुमारे 3-4 महिने टिकतो. हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर खोलगट भाग भरते व बहुधा 6 ते 18 महिन्यांत विरते. ते चुकून रक्तवाहिनीत गेले, तर दृष्टीही जाऊ शकते. म्हणून ब्युटी पार्लर नको, त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे.

शरीराची निगा राखणे पाप नव्हे. पण आधी स्वतःला विचारू या : आपल्याला सुरकुती खुपते की म्हातारपणाची लाज वाटते? मंदिरात बाळ येशूला ओळखले ते वृद्ध शिमोन व हन्नाने. आज मिस्साहून घरी गेल्यावर आजीच्या गालावरून प्रेमाने हात फिरवू या.